सावली माझी, रेघ तुझी

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. तुम्ही दोघं मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. गुडघा आपल्या लहरीप्रमाणे दुखतो आणि आपल्याच लहरीनं थांबतो. थंडी ओसरत आली आहे, तरी सकाळी डिंक बाटलीत घट्ट बसलेला असतो आणि बाटली गरम पाण्यात धरून त्याची मनधरणी करावी लागते. हे काम तुझं होतं, ते मला तू लग्न होऊन गेल्यावर कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपला डिंक मुळातच पातळ आहे.

इथे कामाचा नुसता ढीग पडलाय. भेटवस्तूंच्या दुकानातल्या बाईंना वाढदिवसाची कार्डं हवीत, 'लवकर बरे व्हा'ची हवीत, आभाराची तर कितीही चालतील म्हणाल्या. त्यामुळे तू मागितलेले ठसे कपाटातून काढायला सवड झाली नाही. शिवाय कपाटाचं दार फुगलंय. ओढलं की दाराऐवजी अख्खं कपाट पुढे येतं. सुताराला सांगितलंय. तो 'उद्या येतो' म्हणाला आहे, म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तू लिहितेस, 'माझ्या वाटणीचे ठसे पाठव, इथे खिडकीपाशी मला टेबल मिळालंय.' मिळालंय म्हणजे चष्मेवाल्यांनी आणून दिलंय, हो ना? चांगलं आहे. माणूस सरळ दिसतो. त्यांच्या चष्म्याच्या दुकानासाठी आपण कार्डं करून दिली होती, तेव्हा एकेक कार्ड डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले होते, "एकाही कार्डात रेघ हललेली नाही हो," आणि मग त्यांनी तुझ्याकडे असं काही बघितलं होतं की मी तिथल्या तिथे ओळखलं, ही पन्नाशीला टेकलेली पोरगी हातची गेली.

दोन बायका मिळून एक कार्ड कसं करतात, याचा त्यांना अजून उलगडा होत नाही म्हणतेस. तर हे त्यांना वाचून दाखव. आमचे बाबा रबरी शिक्के करायचे. कचेऱ्यांचे, दुकानांचे, शाळांचे. उरलेल्या रबरातून त्यांनी एकदा आम्हा बहिणींना किटलीचा ठसा कोरून दिला आणि त्याच दुपारी आम्ही त्याच्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. बाबांनी ठसा काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दोन दिले. एकात किटलीचा नुसता भरीव आकार. दुसऱ्यात तिच्या कडा, झाकण, तोटी, दांडीवरची नक्षी. पहिला फिक्या शाईत उमटवायचा, वाळला की त्याच्यावर दुसरा गडद शाईत. तेव्हा कुठे किटली होते. पहिल्याला आम्ही सावली म्हणायचो, दुसऱ्याला रेघ. मी थोरली, म्हणून सावली माझी आणि रेघ धाकटीची. पुढे बाबांनी आमच्यासाठी केलेला प्रत्येक ठसा असा जोडीनंच आला. झाड, होडी, सायकल, छत्री, पेला, पक्षी. झिंज्या वाचल्या.

टेबलाच्या या टोकाला मी बसायचे, त्या टोकाला ती. मी सावली उमटवून 'घे' म्हणायचं आणि कार्ड सरकवायचं. तिनं रेघ बसवायची. मग वरचं सगळं दोघींनी मिळून. शिंप्याकडचा नमुन्यांचा पातळ कागद फाडून चिकटवायचा, त्यावरून पाणीरंगाचा हात फिरवायचा, एखादं जुनं बटण, चार दोऱ्याचे टाके. झालं कार्ड. यात जादू नाही, असं त्यांना सांग.

बाकी विशेष काही नाही. परवा काम करताना सवयीनं 'घे' म्हटलं आणि कार्ड सरकवलं. ते त्या टोकाला जाऊन थांबलं. मी उठून चहा केला.

ठसे सवडीनं पाठवते. चष्मेवाल्यांना नमस्कार.

तुझी
ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पार्सल मिळाल्याचं कळलं. पोस्टातल्या बाईनं त्यावर 'नाजूक वस्तू' असं लिहायला लावलं. मी म्हटलं, अहो, रबर आहे, आपटलंत तर उडी मारेल. तरी तिनं लिहूनच घेतलं.

तू विचारतेस, 'ताई, यात सगळ्या रेघाच कशा?' आता यावर मी काय बोलू? तू तुझ्या वाटणीचे ठसे मागितलेस. तुझ्या वाटणीला रेघा होत्या. मी कपाटासमोर बैठक मारली, एकेक जोडी उचलली, रेघ तुझ्या खोक्यात टाकली, सावली माझ्या. एकही ठसा इकडचा तिकडे झालेला नाही. झाडं तुला आणि होड्या मला अशी वाटणी करता आली असती, असं तुझं म्हणणं. आली असती. बाबांनी तशी केलेली नव्हती.

हे जरा तुसडं झालं. पण लिहिलेलं खोडत नाही, कागद चांगला आहे.

'नुसत्या रेघा उमटवल्या की चित्रं तारेची केल्यासारखी दिसतात' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. इकडची तऱ्हाही काही वेगळी नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कामाचा ढीग पडलाय. ढीग आहे, ते खोटं नाही. पण तो परत आलेल्या कार्डांचा आहे. तू गेल्यापासून सावली आणि रेघ दोन्ही मीच उमटवत होते, आणि सगळी चित्रं तिरळी झाली. सावली एकीकडे, रेघ भलतीकडे. सायकल बघून तर धडधाकट माणसाला भोवळ यावी. दुकानातल्या बाईंनी खोकं परत दिलं, तेही इतकं गोड बोलून की मी त्यांनाच धीर देऊन आले. "तुमच्या बहीणबाई गावाला गेल्यात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, येईल आता."

माझा हात थरथरतो असं समजू नकोस. डोळाही ठीक आहे, चष्मेवाल्यांनी लगेच नंबर तपासायला निघू नये. मी विचार करून बघितला. सावली उमटवणारीला काय, कागद कोरा असतो. ती ठेवेल ती जागा. रेघेला मात्र आधीच कुणीतरी ठेवलेल्या गोष्टीवर नेमकं जाऊन बसावं लागतं. ते तू जन्मभर केलंस आणि मला वाटत राहिलं की आपण दोघी सारखंच काम करतो.

मागची खोली रिकामी आहे, ताईंनी इकडेच राहायला यावं, असा चष्मेवाल्यांचा निरोप तू कळवलास. त्यांना सांग, मी मनापासून आभारी आहे. पण नको. सकाळी भिंतीपलीकडून तुमचं हसणं ऐकू येणार आणि मी इकडे तोंड हसतं ठेवून चहाची वाट बघत बसणार. ते मला जमायचं नाही. मी चांगली पाहुणी होईन, भाडेकरूसुद्धा बरी होईन, पण कुणाच्या मागच्या खोलीतली ताई होण्याइतका माझा स्वभाव गोड नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

दार नीट झालं. सुतार खरंच आला. जाताना त्याच्याकडून टेबल भिंतीला लावून घेतलं. समोर भिंत असली की समोर कुणी नसण्याला निदान कारण मिळतं.

तुझी
ताई


१९ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड काल आलं. प्रकृती ठीक. जेवण वेळेवर. चष्मेवाल्यांनी तुला बाजारातून नवे ठसे आणून दिले, ज्यात सावली आणि रेघ एकाच दाबात उमटतात, हे वाचलं. त्यांनी चांगलं केलं. तू अडून बसली होतीस, त्यांनी वाट काढली. नवऱ्यानं आणखी काय करायचं असतं?

कार्ड सुरेख झालंय. खिडकीतली कुंडी जागच्या जागी आहे. मागे जुन्या नकाशाचा तुकडा चिकटवून तू नदीचा वेल केलास, ते फक्त तुलाच सुचावं. मी ते उघडलं, बघितलं आणि मला रडू आलं. छान कार्ड आलं म्हणून नव्हे. त्यात माझ्यासाठी काही करायचं उरलेलं नव्हतं म्हणून.

आता त्या खोक्याबद्दल. मी मोठ्या तोरात लिहिलं होतं की एकही ठसा इकडचा तिकडे झालेला नाही. ते खरं आहे. पण तिसरी का चौथी जोडी उचलताना माझ्या लक्षात आलं होतं की अशानं तुझं एकही कार्ड पुरं होणार नाही. तिथे मी थांबले नाही. उलट हात भराभर चालायला लागला. मला वाटलं, बसू दे अर्धी अर्धी चित्रं घेऊन, किती दिवस बसेल, येईल झक मारत. मी वाटणी केली नाही, धाकटे, तुला अडवून धरलं. बाबांनी जी युक्ती भांडण मिटवायला काढली, तिनंच मी तुझ्याशी भांडले, आणि तुला पत्ता लागू दिला नाही.

म्हणून आज हे दुसरं खोकं पाठवते आहे. यात सगळ्या सावल्या आहेत. नवे ठसे टाकून दे असं म्हणत नाही, पण बाबांचे वापर. तुझ्या हातून रेघ चुकत नाही, तेव्हा सावलीचं मी सांगते. होडी एका कोपऱ्यात झिजली आहे, तिथे अंगठ्यानं दाब द्यायचा. सायकल चाकांपाशी शाई जास्त पिते, तिला आधी रद्दी कागदावर एकदा टेकव. झाड कधी सरळ येत नाही, ते बाबांनीच वाकडं कोरलंय, त्याच्याशी झटू नकोस. आणि पुरतं वाळू दे. तुला घाई असते. हे सगळं तुला ठाऊक नसणार, कारण तुझ्यापर्यंत कार्ड वाळूनच यायचं. डिंकाचं मला ठाऊक नव्हतं, तसंच.

काल दुकानातल्या बाईंकडे गेले होते. त्यांना सांगून टाकलं की बहीण गावाला वगैरे गेलेली नाही, तिचं लग्न झालं, ती आता तिकडेच असते. "अगंबाई, मग घरी तुम्ही एकट्याच?" त्या म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं. तू गेल्यापासून हे उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. स्वतःलाही नाही. घरापर्यंत चालत आले तोवर ते तोंडात तसंच होतं. आल्यावर टेबल भिंतीपासून ओढून परत खोलीच्या मधे आणलं. गुडघ्यानं आरडाओरडा केला, पण आणलं.

आता माझं काय, असं तू विचारशील. दुकानातल्या बाईंना पाकिटं हवी आहेत, ती करीन म्हटलं. पाकिटाला ठसा लागत नाही. नुसतं कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं.

एक सावली मात्र मी ठेवून घेतली आहे. किटलीची.

पुढच्या आठवड्यात तुझा वाढदिवस. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाचं कार्डसुद्धा अर्धं तुलाच करावं लागायचं, आणि तरी तू ते हातात घेऊन "अय्या, मला?" असं विचारायचीस, आपणच रेघ बसवलेली असून. यंदाचं सोबत पाठवलं आहे. शिंप्याचा कागद लावलाय. पाणीरंग जरा जास्त ओघळला, तिकडे बघू नकोस. कोपऱ्यात ते निळं बटण आहे, जे तू आजवर कुणाच्याच कार्डाला लावू दिलं नाहीस. मधे किटलीची सावली. रेघ नाही.

ते पुरं करून मला परत पाठवायचं नाही. किटलीची रेघ तुझ्याकडे आहे. ती आणि हे कार्ड घेऊन तूच इकडे ये. राहायला नको, संसार टाकून नको, एका दुपारपुरती ये. चष्मेवाल्यांना हवं तर आण, त्यांना बटणं निवडायला बसवू. मला तुझ्यावाचून करमत नाही. एवढं एक वाक्य लिहायचं होतं, त्याच्याऐवजी मी सुतार आणि डिंक लिहीत बसले.

तुझी खुर्ची टेबलाच्या त्या टोकाला लावून ठेवली आहे.

घे.

तुझी
ताई