टर्पेंटाइनचा वास

प्रिय भिंगरी,

या कागदावरून बोट फिरवल्याबरोबर तू हसणार, मला माहीत आहे. हसून घे. तुझी जुनी ब्रेलची पाटी आणि टोचणी माळ्यावरून काढलीय आणि एकेक ठिपका टोचत बसलोय. उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पालटून सुलटं वाचायचं, हा काय प्रकार आहे देवा! जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, अक्षर कसं डौलात उभं राहतं हे माझ्या हाताला झोपेतही कळतं, आणि इथे साधा 'क' टोचायला गेलो तरी भलतंच काहीतरी उमटतं. चुकलेले ठिपके नखाने दाबून टाकलेत. तरी कुठे तुझं बोट अडखळलं, तर तिथे मी एक शिवी हासडली होती असं समज. तुझी आई म्हणते, म्हातारपणी हा काय नवा चळ लागलाय, फोन काय मेलाय का? तिला वाटतं हे सगळं तुला खूश करायला चाललंय. मी तिला तसंच वाटू दिलंय. फोनवर तुला माझ्या आवाजावरून सगळं कळतं, म्हणून फोन नको. मला भीती वाटतेय, भिंगरी. आणि तुझ्याकडे काहीतरी मागायचंय. धीर गोळा होईपर्यंत इकडचं तिकडचं सांगतो.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकान मोठं केलं आणि बोर्ड माझ्याच हातचा हवा म्हणून हटून बसला. केला. शिडीवरून उतरून पाहिला तर मला झकास वाटला. न्हावी मात्र मान वाकडी करून बघत राहिला आणि म्हणाला, काका, अक्षरं उताराला लागलीयत की माझी मान आखडलीय? तो हसला, मीही हसलो. शेवटचं अक्षर पार चौकटीवर चढलं होतं आणि मला ती चौकट दिसलीच नव्हती. घरी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार रोज माझ्या खांद्यावर आदळतं. दार उघडं टाकल्याबद्दल मी आईवर खेकसतो, आणि ती बिचारी पुढच्या वेळी आठवणीने लावून घेते. परवा निळ्या रंगाचा डबा पायाने उडवला. आईने फरशी पुसता पुसता माझे वाभाडे काढले, मग मध्येच फडका थांबवून नुसती माझ्याकडे बघत बसली. तिला काही कळलं असेल का, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हल्ली मला काठीवाल्या बाई फार आठवतात. तापात तुझे डोळे गेले तेव्हा तू इवलीशी होतीस, आणि पुढे कितीतरी वर्षं आम्ही तुला बोट धरूनच फिरवलं. मी तुला चालता चालता बोर्ड वाचून दाखवायचो. हे औषधाचं दुकान, हिरव्यावर पांढरं, मी रंगवलेलं. ही शिवणयंत्रांची दुरुस्ती, लाल अक्षर, तेही माझंच. तुला रस्ता शिकवतोय असं मला वाटायचं. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तुला एवढंच विचारलं की घरापासून शाळेपर्यंत काय काय लागतं? तू घडाघडा माझे सगळे बोर्ड म्हणून दाखवलेस, रंगांसकट. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, हा रस्ता तुमचा झाला, हिचा कुठाय? असा राग आला होता मला! पण मग त्यांनी तुझ्या हातात काठी दिली आणि आम्हाला तोंड बंद ठेवायला सांगितलं. तू खांबाला थडकलीस, डबक्यात पाय घातलास, एकदा चक्क परक्यांच्या घरात शिरून त्यांच्या सोफ्यावर बसलीस. बाई काही म्हणजे काही सांगायच्या नाहीत. मी सांगितलेलं ही विसरेल, स्वतः शोधलेलं नाही विसरणार, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आई त्यांना पाठीमागे कैदाशीण म्हणायची.

आणि मग तो सोडून द्यायचा दिवस आला. बाईंच्या शिकवण्यातला तो शेवटचा धडा. गाडीत बसवून तुला गोल गोल फिरवायचं, अनोळखी ठिकाणी उतरवायचं आणि सांगायचं, आता घरी ये. कुणाला विचारायचं नाही. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. मी मोठा शहाणपणाचा आव आणला आणि गुपचूप मागून यायचं ठरवलं. तुझे कान तिखट, म्हणून शेजाऱ्याचे कापडी बूट मागून घातले, किल्ल्या घरी ठेवल्या, खोकला येऊ नये म्हणून खडीसाखर चघळत राहिलो. सगळी तयारी केली आणि अंगातला कामाचा सदरा तेवढा बदलायचा राहिला! तू चौकाच्या कडेला उभी होतीस, काठी पुढेमागे करत होतीस, आणि एक ट्रक मागे मागे येत होता. मी हाक मारणारच होतो. इतक्यात तू मागे न वळताच म्हणालीस, बाबा, टर्पेंटाइनचा वास येतोय, तुम्ही घरी जा, तुम्ही मागे असलात की माझं डोकं चालत नाही. ट्रक थांबला. तू पुन्हा म्हणालीस, जा ना.

मी गेलो, भिंगरी. तुझ्याकडे पाठ करून, एकेक पाऊल उचलून, खरोखर गेलो. माझ्या आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो, गेल्या महिन्यापर्यंत तरी नाही. घरी येऊन उंबऱ्यात बसलो. प्रत्येक टकटक तुझ्या काठीची वाटायची आणि दुसऱ्याच कशाची तरी निघायची. तू आलीस तेव्हा गुडघा फुटला होता आणि तोंडाची टकळी सुरू होती. लाँड्रीच्या झरोक्यातून ओली ऊब येते, तिथून रस्ता उताराला लागतो, भिंत संपली की गालाला वारा लागतो, मग आपलं फाटक! त्या लाँड्रीचा बोर्ड मी दोनदा रंगवलाय. ऊब बीब काही मला कधी लागली नव्हती. पोरगी रंगवून सांगतेय म्हणून मी मान डोलावली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो.

आता खरं सांगतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, ते परत येत नाही, आणि मधलं उरलंय ते डोळ्यांत थेंब घालूनही किती टिकेल ते त्यांना सांगता येत नाही. पेपराची सुरळी करून डोळ्याला लावल्यासारखं दिसतं, आणि ती सुरळी दिवसेंदिवस बारीक होतेय. म्हणून ही पाटी. बोटं रंगाने इतकी राठ झालीत की ठिपके लागतच नव्हते. तुझं नाव सगळ्यात आधी लागलं. मग आई बाहेर गेली की तुझी जुनी काठी घेऊन डोळे मिटून घरात फिरायला लागलो. गेल्या मंगळवारी हिय्या करून फाटकाबाहेर पडलो, डोळे मिटलेलेच. आणि चढ चढता चढता गालाला काहीतरी ओलं, कोमट लागलं. लाँड्री! अगं, खरंच येते ऊब! मला इतका आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी मी पुरता घाबरलो. डोळे उघडायचेही भान राहिलं नाही. पुढे जाता येईना, मागे येता येईना. लाँड्रीवाल्या बाईने दंडाला धरून घरी आणून सोडलं. मी चक्कर आली म्हणून सांगितलं.

तुझ्याकडे आता लांबलांबची मुलं काठी शिकायला येतात, बाईंसारखीच तूही त्यांना सोडून देतेस, हे आई सगळ्यांना सांगत सुटते. तर मागणं हे की थोडी रजा काढून ये, आणि मला शिकव. आईला मी एकट्याने नाही सांगू शकत, तू शेजारी असशील तर सांगेन. बोट धरू नकोस, बोर्ड वाचून दाखवले की काय होतं ते आपण पाहिलंय. मला चुकू दे, थडकू दे. शेवटी सोडूनही दे, गोल गोल फिरवून, कुठे ते न सांगता. माझी काठी तुला लांबूनही ऐकू येईल, तेवढी मागे राहा. फक्त एक आहे. तू मला जा म्हणालीस तेव्हा तू एवढीशी होतीस. मी तुझ्याइतका धीट नाही, मी तुला जा म्हणणार नाही. कधी जायचं ते तूच ठरव. आणि जाशील तेव्हा मला सांगू नकोस.

तुझाच,
टर्पेंटाइनवाला बाबा