ताट वाजवायचं आहे

रविवार संध्याकाळ, मार्च १९८७
घाटकोपर

उद्या सकाळी घार सोडणार. संक्रांतीला मांज्याने पंख चिरलेली, आरेच्या जखमी पक्ष्यांच्या केंद्रात आम्ही दत्तक घेतलेली. तिचा खर्च आमचा आणि रविवारी बघायला जायचं, एवढंच ठरलेलं. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? बांगडे साफ केले की डोकी मी गॅलरीतून घारींना टाकतेच, तशीच डब्यातून तिलाही नेत राहिले. "ये गं बाय, ये," म्हटलं की जाळीशी यायची. केवढा आनंद व्हायचा मला!

आज पहिल्यांदाच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. चेहराच उतरला त्यांचा. "अहो, ही अशी माणसांजवळ उतरायला लागली तर कुणीतरी दगड घालील. उद्या या तुम्ही, पण डबा नको, ताट आणा. ती जवळ आली की जोरात वाजवा. तुम्हालाच घाबरली पाहिजे ती."

मीच का? कारण आवाज माझा ओळखते.

ज्या तोंडाने "ये गं बाय" म्हटलं, त्याच तोंडाने हाड् हाड् करायचं? आणि नाहीच घाबरली तर? आणि घाबरली तर?

आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणे, "त्यात काय, वाजव ना!" यांचं काय जातंय.

मघाशी स्वयंपाकघरात ताटावर पळी मारून बघितली. जोरात मारायची म्हणून उचलली, पण हात काही जोराने पडेना.

बाहेरून हे ओरडले, "आलो गं, वाढ!"