आठवी वाटी

सर, मी त्याचा हात धरून माउसवरून बाजूला केला. नांदेडच्या आमच्या ऑफिसात असं कुणी करत नाही. तो टीमचा प्रमुख आहे. रक्तपेढीचं सॉफ्टवेअर उद्या जळकोटला बसवायचं, आणि तो शेवटचं बटण दाबत होता. "ओ मॅडम, डोकं फिरलं का? एक 'माहीत नाही' तर वाढवून राहिलो!"

रक्तगट आम्ही एनम म्हणून लिहिले होते. ए, बी, एबी, ओ. ठरलेल्या नावांची बंद यादी. साध्या क्लासपासून, म्हणजे कोडमधल्या साच्यापासून, दुसरा क्लास काढता येतो, आधीचं सगळं घेऊन वर स्वतःची भर घालता येते. एनमपासून येत नाही. म्हणून यानं एनमच मोडला, त्याचा साधा क्लास केला आणि त्यापासून 'माहीत नाही' हा पाचवा गट काढला. जुना कोड चारच गट जाणतो. ए नाही, बी नाही, एबी नाही, म्हणजे ओ. तपासणी न झालेली पिशवी पडद्यावर ओ दिसत होती, सर. उद्या ती कुणाला तरी चढली असती.

लातूरच्या कॉलेजात एनम शिकवताना तुम्ही वर्गात घरून मिसळणाचा, मसाल्यांचा डबा आणला होता. डब्यात सात वाट्या गच्च बसलेल्या. "वाटीवाटीचा चमचा वेगळा असला तरी चालेल," तुम्ही म्हणता, "पण आठवी वाटी कोंबली की झाकण लागत न्हाई. एनमपासून पुढं काही काढता येत न्हाई. लिहून घ्या." मी विचारते, "मग येसर कुठं ठेवायचं, सर?" वर्ग हसतो. तुम्हीही हसता. "भाईर उभं राहून इचार कर." तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात. पुढे कॉलेज सुटेपर्यंत मुलं मला बघून म्हणायची, "आली बघा आठवी वाटी." तुम्ही ऐकत होतात. एकदाही कुणाला गप्प केलं नाहीत. माझा प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्या आमटीला येसर, भाजक्या धान्याचं मसालेदार पीठ, लागायचं आणि ते डब्यात नसायचं.

उत्तर केवढंसं होतं! येसर बाजूच्या बरणीत राहतं. आणि झाकण यासाठी, की आत तेच सात मसाले आहेत हे धरूनच स्वयंपाक करणारी न बघता हात घालते. हे तुम्हाला ठाऊक होतं. सांगायला काय लागत होतं? आज संध्याकाळी मी एकटीनं ते कोडमध्ये लिहून काढलं. एनम पुन्हा चारांचा केला. तपासणी झाली की नाही, ही पिशवीवरची वेगळी खूण. झाली नसेल तर कोड गट विचारूच शकत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. झाकणाबद्दल तुमचं बरोबर होतं, एवढं लिहायला मात्र मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जळकोटला कुणी गेलं नाही. प्रमुखानं माझा बदल वाचला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "असं का केलं, सांगा बरं." मी सांगितलं.