मागच्या सीटचं कापड

आई,

तुझी गाडी बंद झाली. म्हणजे बिघडली नाही, ती अजून एका किल्लीत सुरू होते. पण कारखान्यात ती आता बनत नाही. मागच्या महिन्यात शेवटची गाडी लाइनवरून उतरली. आम्ही तिला हार घातला, पेढे वाटले, आणि पहिली गाडी उतरली तेव्हा जी पोरं शाळेत होती त्यांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले. मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. मला काही रडू आलं नाही. पेढा चांगला होता, म्हणून मी दुसरा मागून घेतला. ही एवढीशी गाडी कितीतरी घरांत पहिली गाडी म्हणून गेली, इतकी वर्षं चालली, आणखी काय पाहिजे? पण घरी आल्यावर वाटलं, ही बातमी तुला कुणी सांगितली नसेल. आणि तुझ्याशिवाय या गाडीची गोष्ट पुरी होत नाही, कारण माझा एकच हट्ट होता: तू एकदा तरी माझ्या कापडावर निवांत टेकून बसावंस. सगळं जग बसलं, तू तेवढी राहिलीस, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तू जालन्यात सगळ्यांना सांगत सुटायचीस, "पोरगी गाड्या बनवती." मी एकदा तुला समजावून सांगितलं की मी फक्त सीट बघते, आणि सीटमधलंही फक्त कापड. तू म्हणालीस, "मंग बाकीची गाडी कोन बनवतंय?" बाकीची गाडी बनवणारे आम्ही दोनशे जण होतो आणि खरं सांगायचं तर बनवण्यापेक्षा काढण्यातच आमचे दिवस जात होते. गाडी स्वस्त पाहिजे होती. रोज सकाळी बैठक, आणि रोज कुणीतरी तोंड पाडून बाहेर यायचं. डाव्या बाजूचा आरसा गेला. समोरच्या खणाचं झाकण गेलं. मागच्या खिडक्यांच्या काचा अर्ध्यावरच थांबायला लागल्या. माझ्या सीटचा फोम पातळ झाला, डोकं टेकायची उशी पाठीतच शिवून टाकली. कापड राहिलं, कारण कापडाशिवाय सीट विकता येत नाही. तर डिझाइनवाल्यांना ते सायीच्या रंगाचं हवं होतं. म्हणे लहान गाडी आतून मोठी दिसते. मी म्हणाले, मळखाऊ पाहिजे. आमचे साहेब बंगाली, त्यांना शब्द कळेना. मी त्यांना सांगितलं की मी मळखाऊ दप्तर घेऊन शाळेत गेले, मळखाऊ परकर घालून वाढले, आमच्या घरचे पडदे, चादरी, सगळं मळखाऊ होतं, माझं अख्खं बालपण चॉकलेटी रंगात गेलं. साहेब खूप हसले. पण ही गाडी घेणारं घर कसं असणार, ते त्यांना तेव्हा कळलं असावं. करडं कापड पास झालं, त्यात बारीक विटकरी ठिपके.

त्यानंतर ते कापड टिकतं का ते बघायचं होतं. यंत्रावर घासायचं, उन्हाच्या पेटीत तापवायचं, त्यावर चहा सांडायचा, कॉफी सांडायची, पुसायचं. मला वाटलं, चहा काय, चहाचा डाग कुणीही काढेल. आपल्या खानावळीच्या स्वयंपाकघरात मी लहानाची मोठी झाले होते. रोलिंग मिलची माणसं दोन पंगतींत जेवायची, तू भलं मोठं पातेलं उतरवायचीस आणि वर काळ्या मसाल्याची बोटभर तर्री. ती ओट्यावर सांडली तर फरशीलाही आठवडाभर ओळख राहायची. दिवाळी करून परत निघाले तेव्हा तुझ्याकडून डबा भरून घेतला आणि तो घट्ट झाकण लावून थेट प्रयोगशाळेत नेला. चार कापडांवर रस्सा ओतला. तीन कापडं नारिंगी झाली ती कायमची. माझं कापड पुसल्यावर जसंच्या तसं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना मी उरलेला रस्सा पावाबरोबर खाऊ घातला, आणि आनंदाच्या भरात तुला फोन करून सगळं सांगितलं. तीच चूक झाली.

"कापडावर वतला?" तू एवढंच विचारलंस. मी हो म्हणाले. मग जे सुरू झालीस! "अगं, मी चुलीपाशी जीव जाळून राह्यले, मान्सं दोन घास जास्त खात्यात म्हनून मला बरं वाटतंय, अन् तू अन्न चिंध्यावर वतती? शिकून हेच शिकली का? भुक्याला घातला असता तर दुवा दिली असती." मी म्हणाले, आई, हे कामच आहे. "बिलकुल सांगू नको मला. अन्न सांडायचा पगार कुनी देत न्हाई." फोन ठेवून दिलास आणि पुढच्या सुट्टीला मला डबा मिळणार नाही असं भावाकडून कळवलंस. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. आताही लिहिताना येतंय.

गाडी आली तेव्हा मात्र तू सगळं विसरलीस. पहिल्याच तुकडीतली गाडी मी तुझ्या नावावर घेतली, भाऊ चालवणार होता. राजूरला गणपतीपुढे नेली. तिथे आधीच दोन ट्रॅक्टर आणि एक जीप हार घालून उभी होती, आणि त्यांच्यामध्ये आपली ही. तू पदर खोचून स्वतः नारळ फोडलास. पूजा झाली, तशी मी मागचं दार उघडून सीटवरचं प्लास्टिक काढायला लागले. तू माझा हात धरलास. "हात लावू नको! कामून काढती? नवंपन ऱ्हाऊ दे की." मी म्हणाले, अगं, आत माझं कापड आहे. तू म्हणालीस, "हाय ना? मंग ऱ्हाईल. पळून चाललंय का?" आणि प्लास्टिकवर, अगदी कडेला, कुणाच्या तरी घरी पाहुणी गेल्यासारखी बसलीस. राजूर ते जालना तू पाठ टेकली नाहीस.

तुझं सगळंच तसं होतं. नवे कप कपाटात, चहा कान तुटलेल्या कपात. मी आणलेली चांगली साडी घडीवर घडी, लग्नाला जाताना दुसरीच अंगावर. "कुणासाठी ठेवलंय?" असं विचारलं की तू म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे, कामाला येतंय." गाडीचंही तेच. तुला घेऊन भाऊ बाजारात जायचा, तू पुढे बसायचीस, उन्हाळ्यात ते प्लास्टिक पाठीला चिकटायचं आणि तू ओढून सोडवायचीस. मी दर सुट्टीला भांडायचे. दोन वर्षं मी कापडावर घालवली आणि माझ्या आईलाच ते धुक्यातून दिसतंय, हे माझ्याने बघवायचं नाही. मला वाटायचं, चांगल्या वस्तूवर आपला हक्क आहे हे या बाईला कधी पटणारच नाही, आणि मी काहीही बनवलं तरी ते पाहुण्यांसाठीच राहणार.

मग शेजारच्या किराणावाल्यांची सून, आपली भाभी, बाळंत झाली. घरातली पुरुषमाणसं माल आणायला परगावी गेली होती, म्हणून दवाखान्यातून तिला आणायला तू आणि भाऊ गेलात. ऐन मे महिना. गाडी उन्हात उभी. भावाने मला नंतर सगळं फोनवर सांगितलं: तू मागच्या सीटला हात लावून बघितलास, "अरे, लेकराला चटका बसंल," म्हणालीस आणि दोन्ही हातांनी ते प्लास्टिक टराटरा फाडून काढलंस. बाळ-बाळंतीण कापडावर, तू पुढे आपल्या प्लास्टिकवर. घर येईपर्यंत बाळाने सीट ओली केली. त्या रात्री तूच फोन केलास. "पोरीनं तुझ्या कापडावर मुतून दिलं. डाग न्हाई पडला. चांगलं हाय कापड." एवढीच काय ती तारीफ, पण मला ती पुरली. फक्त तू स्वतः बसलीस का, ते विचारायचं राहिलं. दोन वर्षांनी तू गेलीस.

आता खरी गोष्ट. कंपनीला पहिल्या तुकडीतली एक गाडी पाहिजे आहे. खालच्या दालनात मांडायची, शेवटच्या गाडीच्या शेजारी. रंग नवा देणार, सीटची कव्हरं नवी शिवणार. भाऊ संभाजीनगरला राहतो, गाडी जालन्यातच आपल्या पत्र्याखाली उभी असते, म्हणून परवा मी ती बघायला आले. भाभी चहा घेऊन आली. मी मागचं दार उघडलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, "दीदी, ही तर मावशीची खोली."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. दुपारची पंगत उरकली की तू किल्ली कमरेला खोचून बाहेर यायचीस. गाडीची मागची दोन्ही दारं उघडी टाकायचीस, चपला खाली काढायचीस आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायचीस. एखादी मोसंबी सोलायचीस. कधी बाळ मांडीवर, बहुतेकदा एकटीच. मान टेकवून झोपायचीस. खानावळीतून हाका आल्या तर भाभी खुशाल सांगायची की मावशी बाजारात गेल्या. "मी विचारलं त्यांना, मावशी, आता प्लास्टिक नको वाटतं का? तर म्हन्ल्या, लेकरानं जुनी करून टाकलीच हाय, मंग मला बसायला काय हरकत? अन् म्हन्ल्या, हितं कुनी वाढा म्हनत न्हाई." दोन उन्हाळे, आई! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, कारण मग माझं म्हणणं खरं ठरलं असतं.

भाभी गेल्यावर मी वाकून नीट बघितलं. डाव्या दाराकडच्या बाजूला कापडाची लव गेली आहे, आणि पाठीवर, तुझं डोकं येईल तिथे, खोबरेल तेलाचा गोल डाग आहे. इतकी वर्षं पत्र्याखाली तापूनही गेला नाही. आम्ही चहा सांडला, कॉफी सांडली, मी तुझा रस्सा ओतला. बाईचं तेल लावलेलं डोकं कुणाला सुचलंच नाही. कामातली एवढी मोठी चूक बघून मला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, त्यामुळे तुला म्हणून सांगते. साहेबांना मी सकाळी कळवलं की गाडी भावाने केव्हाच विकून टाकली. तसं खोटं बोलायची मला सवय नाही, पण जमलं. आता दुपार आहे, दोन्ही दारं उघडी आहेत, मी मागे पाय वर घेऊन बसलेय आणि ऑफिसचा फोन मघापासून वाजतोय. वाजू दे.