अडथळा क्रमांक चार

प्रति,
मा. सायकलमार्ग अधिकारी,
टेकडी उद्यान कार्यालय.

विषय : आमच्या वाटेवरील काळी पाटी व नर्सबाई येत नसल्याबाबत.
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज, आणि आपले उत्तर, जे पोस्टमनने "मार्ग अतिकठीण" असा शेरा मारून आपल्याकडेच परत धाडले.

महोदय,

मी खाली सही करणार, वय सहासष्ट, धंदा शिवणकाम, टेकडीवरच्या एकुलत्या एक घरात राहणार. सविनय कळविते की,

१. आपण डोंगरी सायकलींसाठी आमची वाट मोजून तिला काळी श्रेणी दिलीत आणि पायथ्याला पाटी लावलीत : "अतिकठीण. फक्त निष्णातांसाठी." ही श्रेणी सायकलने टेकडी उतरणाऱ्यांसाठी आहे, पायी येणाऱ्यांसाठी नाही, हे पाटीवर कुठेही नाही. मी त्याच वाटेने, चपला घालून, डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन, रोज ये-जा करते. परवा एका स्वाराने थांबून अदबीने विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या क्लबच्या?"

२. सायकलवाल्या पोरांबद्दल तक्रार नाही. घंटा वाजवतात, चढणाऱ्याला आधी वाट देतात, कचरा उचलून नेतात. इतकी रीतभात आमच्या नातेवाइकांतही नाही.

३. तक्रार अशी की, माझे यजमान, निवृत्त गवंडी, चार महिने अंथरुणाला खिळून आहेत. पाठीला जखम झाली आहे, ती दिवसाआड धुवावी लागते. दवाखान्याच्या नर्सबाई येत असत. पाटी लागली आणि त्यांच्या साहेबांनी फर्मान काढलं की अतिकठीण मार्गावर कर्मचारी पाठवता येत नाही. आता जखम मीच धुते.

४. आपलं उत्तर मी स्वतः खाली येऊन घेतलं. त्यात म्हटलं आहे : "अडथळा क्र. ४, नैसर्गिक खडकाळ उतार, यामुळे श्रेणी कमी करता येत नाही. अर्जदाराने हेल्मेट वापरावे." महोदय, त्या सहा पायऱ्या आहेत! लग्नानंतर मी पाण्याची बादली घेऊन घसरले, तेव्हा यजमानांनी त्या स्वतःच्या हाताने बसवल्या. उत्तर वाचून दाखवलं तर ते कोपरावर उठत ओरडले, "ओळंबा लावून बसवल्यात मी! नैसर्गिक म्हणे!" पुढचे शब्द अर्जात लिहिण्याजोगे नाहीत. चार महिन्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, म्हणून त्या एका वाक्यापुरते आपले आभार.

५. दवाखान्याचे साहेब म्हणतात, एखादा सरकारी अधिकारी पायी वर जाऊन आला, तर आम्हीही नर्स पाठवू. आपली मोजणी तर ड्रोनने झाली असं कळतं.

तरी पाटी राहू द्यावी. पोरं तिच्यापाशी हौसेने फोटो काढतात. आपण मंगळवारी सकाळी वर चहाला यावं, एवढंच मागणं आहे. अडथळा क्र. ४ ला हात धरायला मी उभी राहीन. येताना नर्सबाईंना सोबत आणावं. जखम खोल चालली आहे, साहेब, आणि मला आता ती बघवत नाही.

कळावे.

आपली वाट पाहणारी,
(सही)
गवंड्याची बायको, वरचं घर
दि. ९ मार्च

सोबत : हेल्मेट, नग एक. (पोरांनी दिलं आहे. आपल्या डोक्याला होईल.)