उलटा धरलेला फोटो

अप्पा, आज तुमच्यासारखा फोटो उलटा धरून बघितला. राजाजीनगरच्या स्टुडिओत प्रिंट वाळली की तुम्ही ती डोकं खाली करून माझ्यासमोर धरायचा. "माणूस कोण ते विसर. डोळा आधी कुठं जातो सांग, मग कुठं जाऊन बसतो ते सांग." मी घाबरत चेहरा म्हणायचे, चेहरा म्हटलं की चुकणार नाही असं वाटायचं म्हणून. तुम्ही हसायचा. "चेहरा बोलावतो गं. बसवून घेणारं दुसरंच काही असतं." मग दाखवायचा: चपलेचा तुटका पट्टा, मुठीत चुरगळलेला रुमाल.

यशवंतपूरच्या बाजारात कांदे निवडणाऱ्या एका बाईचा फोटो मी काढलाय. बेळगावकडची आहे, आपल्यासारखंच बोलते. तोंडभर हसतेय, पण डाव्या हातानं लेकीचा झगा इतका घट्ट धरलाय की कापडाला चुण्या पडल्यात. त्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं, शेजारी विंचू. बघणारा हसण्याकडे येतो, हातावर उतरतो, अक्षरं वाचतो आणि परत वर जातो, तेव्हा ते हसणं त्याला तेच वाटत नाही. मग तो हलत नाही. व्हाइटफील्डला माझ्या ऑफिसात दाखवला, तर एरवी एकमेकांची टिंगल करणारी मंडळी चहा गार होईपर्यंत त्याच्याकडेच बघत होती. मला आधी अभिमान वाटला, अप्पा. भीती मागून आली.

कारण फोटो काढल्यावर तिनं विचारलं होतं, "अक्का, हे कुठं लागणार?"

"प्रदर्शनात. भिंतीवर."

"मग सरी, चालतंय. भिंत काय चालत आमच्या मालकाच्या गावाला जात न्हाई." स्वतःच्या बोलण्यावर ती हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "तेवढं मात्र बघा हं. हुडकतोय तो आम्हांला."

मी मान डोलावली. आणि आता प्रदर्शनवाल्यांना हाच फोटो जाहिरातीला हवा आहे, मेट्रो स्टेशनांवर, शिवाय सगळ्यांच्या फोनवर. बेळगावची गाडी यशवंतपूरलाच थांबते. एक माणूस पिशवी घेऊन उतरतो, मान वर करतो, आणि भिंतीवर स्वतःचं नाव वाचतो, असं मला दिवसाउजेडी दिसायला लागलंय. फोटोतला हात कापून बघितला. उरली ती गोडेतेलाच्या जाहिरातीतली बाई. अक्षरं तेवढी पुसट केली, तर डोळा थेट त्या पुसट डागावरच जाऊन बसला. लपवलेलं जास्त दिसतं, हे तुम्ही शिकवलं नव्हतंत.

तुमच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला तो फोटो आठवतो. साखरपुड्याच्या साडीतली मुलगी, ताठ बसलेली, आणि खुर्चीचा हात तिनं असा आवळलेला की नखं पांढरी पडलेली. तुम्ही मला घेऊन समोरच्या फूटपाथवर उभे राहता, कोण कुठं थांबतं ते बघायला. सगळे थांबतात. दूधवाला सायकल टेकवून थांबतो. आणि एका सकाळी तुम्ही काच उघडून तो फोटो काढून घेता. आई आतून ओरडते, "गिऱ्हाईक उभं राहतंय की हो! काढला कशाला? आता काय माझा लावणार?"

"तुझा लावला तर गिऱ्हाईक नमस्कार करून जाईल." मग तुमचं हसणं विरतं. "ती पोरगी आता मागच्या गल्लीनं जाते. मी बघितलंय."

तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्यासाठी कुणी इतका चांगला फोटो काचेतून काढून टाकतं का. ती पोरगी दोन गल्ल्या पलीकडं राहायची, म्हणून तुम्हांला दिसलं. ही बाई कुठल्या गल्लीनं पळेल, मला कसं दिसणार?

दुपारी मी प्रदर्शनवाल्यांना कळवलं, फोटो देत नाही, भिंतीवरसुद्धा नाही. ते म्हणाले, आमच्याकडची प्रत काढून टाकली. खरंच टाकली का, कुणाच्या फोनवर राहिली का, हे विचारायला मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा पलीकडची मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, स्वल्प विश्वास ठेवा की."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. माझ्याकडचा फोटो पुसायलाच बसले होते. पुसण्याआधी एकदाच म्हणून उलटा धरला, आणि डोळा त्या हातावर जाऊन बसला. अजून पुसलेला नाही.