मामांनी बुडाखाली घेतलेलं जॅकेट

रविवार, संध्याकाळ. बदलापूर

डोकं अजून तापलेलंच आहे. सासऱ्यांसाठी, म्हणजे आमच्या मामांसाठी, मी उल्हासनगरची दुकानं पालथी घालून त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट आणलं. आज मासे धरायला नदीवर गेलो, तर दोघांच्या कायाकमध्ये, म्हणजे त्या चिंचोळ्या होडीत, बसताच मामांनी ते काढून बुडाखाली घेतलं. म्हणे, "जावईबापू, या नदीतच मी लहानाचा मोठा झालोय. ही झूल तुम्हीच घाला."

मग गळाला मोठा मासा लागला, मामा एका अंगाला झुकले आणि दोघंही पाण्यात. माझ्या अंगात जॅकेट होतं म्हणून मी तरंगलो. मामा गटांगळ्या खायला लागले. कॉलर धरून ओढत त्यांना काठाला आणलं. त्यांचं जॅकेट? गेलं वाहून. बुडाखालचं जॅकेट कोणाला वाचवणार?

आणि घरी येऊन सांगतात काय, "जावई घाबरले, मीच बाहेर काढलं." बायको मला म्हणते, "बाबा होते म्हणून बरं!" मी तोंड उघडणार, एवढ्यात मामा म्हणाले, "पुढच्या रविवारी परत जाऊ."

"मी जाईन. तुम्ही घरीच बसा."

सासऱ्यांशी असं बोलतात का? मी बोललो. अजिबात वाईट वाटत नाहीये.